अंकलिपीतला रुपया

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझी नात पुण्याहून सोनपेठला आली होती. वय वर्षं सात. तिला घेऊन आठवडी बाजारात गेलो. भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, पेरू घेतले, तिच्यासाठी काचेच्या बांगड्या घेतल्या. प्रत्येक ठिकाणी मी खिशातून मोबाइल काढायचो, समोरच्या चौकोनी चित्राला दाखवायचो, दुकानातला डबा मोठ्यानं रक्कम बोलून दाखवायचा आणि आम्ही पुढं निघायचो. चार-पाच वेळा हे पाहून झाल्यावर तिनं विचारलं, "नाना, तुम्ही पैसे देतच नाही. मग हे लोक वस्तू का देतात?"

मी म्हटलं, "देतो की. मोबाइलमधून जातात."

"मग संपत का नाहीत?"

मंडळी, मी बी.ए. झालेला माणूस. चार कवितासंग्रह नावावर आहेत. पण या प्रश्नाचं उत्तर मला बाजारात उभ्या उभ्या देता आलं नाही. घरी आलो आणि माळ्यावरची जुनी पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्यात माझ्या शाळेच्या वेळच्या काही वस्तू आहेत. त्यातली एक तिच्या हातात ठेवली. बत्तीसएक पानांची, कोपरे झिजलेली, पिवळी पडलेली अंकलिपी.

आज मला या अंकलिपीविषयी बोलायचं आहे. मुलांना पैशाचा व्यवहार शिकवणारी चित्रांची पुस्तकं, असा विषय निघाला की लोकांना इंग्रजी पुस्तकं आठवतात. तीही चांगली आहेत, त्यांच्याकडे मी येणार आहे. पण आपल्या मराठी घरांत असं एक पुस्तक पिढ्यान् पिढ्या होतं, बाजारात किराणा दुकानातसुद्धा मिळायचं, आणि ते पैशाचं पुस्तक आहे हे आपल्या कधी लक्षातच आलं नाही.

अंकलिपीचा पहिला अर्धा भाग चित्रांचा. 'अ' अननसाचा, 'ण' बाणाचा. आमच्या वर्गात अननस कुणीच पाहिलेला नव्हता. गुरुजींनीही पाहिला होता की नाही, देव जाणे. पण पानं उलटत गेलं की चित्रं कमी होत आणि आकडे वाढत. आधी एक ते शंभर, मग पाढे. आणि पाढे तीसपर्यंत आले की खरी गंमत सुरू व्हायची: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे. शेवटच्या पानांवर कोष्टकं. तीन पै म्हणजे एक पैसा, चार पैसे म्हणजे एक आणा, सोळा आणे म्हणजे एक रुपया. त्याखाली छटाक, शेर, मण, खंडी. माझ्या प्रतीत त्या पानावर नाण्यांची लहान लहान चित्रंही आहेत, आणि त्या चित्रांवर खऱ्या नाण्याचा ठसा उमटवण्यासाठी मी पेन्सिल घासलेली आहे. ती घासलेली जागा नातीला सगळ्यात जास्त आवडली.

आता तुम्ही म्हणाल, अपूर्णांकांचे पाढे लहान मुलांना कशासाठी? त्याचं उत्तर त्या सोळा आण्यांत आहे. सोळाचे अर्धे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. रुपया चार वेळा निम्मा निम्मा करत गेलात तरी हातात पूर्ण आणाच राहतो. म्हणून आपल्याकडे आठ आण्यांची अधेली, चार आण्यांची पावली, दोन आण्यांची चवली. आपला सगळा बाजार पाव आणि अर्ध्यावर चालायचा. सव्वा रुपया शेर या भावानं सात शेर घेतले, तर सवायकी येणारं मूल पाटी न घेता सांगायचं, पावणेनऊ. दीड रुपयानं सात घेतले, साडेदहा. दुकानदाराची बोटं हलायच्या आत उत्तर तयार. हे पाठांतर बाजारात फसू नये म्हणून होतं, परीक्षेसाठी नव्हे.

मी पहिलीत गेलो तेव्हा आणे-पै केव्हाच गेले होते. १ एप्रिल १९५७ला देशात दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. 'नवे' हा शब्द १९६४मध्ये गळून पडला. पण अंकलिपी छापणाऱ्यांनी जुनी कोष्टकं काही काढली नाहीत, आणि आमच्या दादीच्या तोंडातूनही आणे काही गेले नाहीत. तिच्या लेखी पंचवीस पैसे म्हणजे चार आणे आणि पंचाहत्तर म्हणजे बारा आणे, हे शेवटपर्यंत. आजही आपण एखादी गोष्ट सोळा आणे खरी आहे म्हणतो, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतो. नाणं मरतं, पण म्हणीत जिवंत राहतं.

त्या बदलात एक बारीक अडचण होती. शंभराला सोळांनी भागलं तर सव्वासहा येतात. म्हणजे एक आणा बरोबर सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचं नाणं नव्हतं. म्हणून सरकारी तक्त्यात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असं ठरलं. आता गंमत पाहा. एक-एक आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर चोवीस पैसे, आणि एकदम चार आण्यांची घेतली तर पंचवीस! दादी म्हणायची, तेव्हापासून मी मीठ-मिरची एक-एक आण्याचीच आणायचे. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. हिशेब मात्र येत होता.

आणि आमच्या मराठवाड्यात तर याच्याही आधी एक घोळ होऊन गेला होता. आपण हैदराबाद संस्थानात होतो. आपला रुपया वेगळा, त्याच्यावर चारमिनार. त्याला हाली म्हणायचे, आणि इंग्रजी राज्यातल्या रुपयाला कलदार. संस्थान १९४८मध्ये भारतात आलं, १९५१नंतर नवा हाली निघेनासा झाला, तरी १९५९पर्यंत तो कायदेशीर चलनात होता. भाव होता सात हालीला सहा कलदार. म्हणजे १९५७ ते १९५९ या काळात सोनपेठच्या बाजारात बसलेल्या माणसाला हाली, कलदार, आणे आणि नवे पैसे अशी चार भाषांतली मोजणी एकाच डोक्यात ठेवावी लागत होती. दादा सांगायचे, सत्तर हाली घेऊन गेलो आणि साठ कलदार घेऊन आलो, तेव्हा रस्ताभर वाटत होतं, दहा रुपये कुठं तरी पडले. खरं तर काही पडलं नव्हतं. किंमत तीच होती. पण हातातला आकडा कमी झाला की माणसाचं मन कमी होतं. पैशाचं शिक्षण म्हणतात ते इथून सुरू होतं: आकडा आणि किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता अंकलिपीतल्या त्या दोन पाढ्यांकडे येतो, ज्यांच्यामुळे मी हे भाषण करायचं ठरवलं. सवायकी आणि दिडकी.

आमचे अब्बा पिंजारी. खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे, लोकांच्या गाद्या-रजयांचा कापूस पिंजून द्यायचे. मजुरी काही रोख, काही धान्यात. १९७२च्या दुष्काळात लोकांच्या पोटाला नव्हतं, गादी कोण भरणार? पिंजण खुंटीला टांगलेली राहिली. अब्बा आणि अम्मी खडी फोडायला गेले. १९७३च्या उन्हाळ्यात घरात काहीच उरलं नाही तेव्हा अब्बांनी एका मोठ्या घरातून चार मण ज्वारी आणली. बोली होती दिढीची.

शहरातल्या मंडळींना हा शब्द कदाचित माहीत नसेल. धान्य उसनं देण्याच्या दोन रिती होत्या. सवाई आणि दिढी. सवाईनं एक मण घेतला तर सुगीला सव्वा मण परत करायचा. दिढीनं घेतला तर दीड मण. म्हणजे अंकलिपीतली सवायकी आणि दिडकी जशी गिऱ्हाइकाच्या कामाची, तशीच सावकाराच्या वहीचीही होती. ते पाढे देणाऱ्यालाही लागत आणि घेणाऱ्यालाही. फरक एवढाच की देणाऱ्याला ते पाठ असत.

मार्च १९७८. मी चौथीत होतो. वार्षिक परीक्षा जवळ आलेली, म्हणून दिव्याच्या उजेडात दिडकी घोकत होतो. अब्बा नुकतेच दोन मण ज्वारी पोचवून आले होते. दरवर्षी सुगीत ते दोन मण पोचवायचे. गावोगाव मिळालेल्या मजुरीतून पायली-पायली साठवून. माझं घोकणं ऐकत ते म्हणाले, "अरे, आपला हिशेब लाव बघू. किती राहिले आता?"

मी पाटी घेतली. चार मण दिढीनं, म्हणजे पहिल्या सुगीला सहा. दिले दोन. राहिले चार. दुसऱ्या वर्षी चाराचे सहा. दिले दोन. राहिले चार. तिसऱ्या वर्षी चाराचे सहा. दिले दोन. मी पाटी पुसली आणि पुन्हा मांडलं. मला वाटलं, माझंच चुकतंय. पाच सुग्या मांडल्या. अब्बांनी दहा मण ज्वारी दिली होती. आणि देणं होतं चार मण.

दादी कोपऱ्यात तसबी घेऊन बसली होती. तिनं तसबी खाली ठेवली आणि म्हणाली, "दस मन दिये, और चार के चारीच?"

मला त्या वयात वाटलं होतं, मोठ्या घरानं आम्हाला फसवलं. मी पाटी घेऊन तिथं जाईन आणि चूक दाखवीन. सिनेमात तसं होतं. पण चूक नव्हतीच. त्यांच्या वहीत आणि माझ्या पाटीवर एकच आकडा होता. कुणीही खोटं लिहिलेलं नव्हतं. हिशेब सोळा आणे बरोबर होता, आणि तोच आम्हाला बुडवत होता. चूक दरात होती आणि आम्ही दर कधी मोजलाच नव्हता. अब्बा दरवर्षी 'दोन मण फेडले' म्हणायचे. खरं तर ते काहीच फेडत नव्हते. ते फक्त त्या वर्षाची वाढ पोचवत होते.

त्या काळात कर्जमाफीचा कायदाही झाला होता. १९७५च्या वीस कलमी कार्यक्रमात भूमिहीन, छोटे शेतकरी, कारागीर यांच्या कर्जाचा विषय होता आणि महाराष्ट्रानं तसा कायदा केला. कुणीतरी अब्बांना सांगितलंही. ते म्हणाले, "कागदच नाही, तर माफ काय करणार? आणि पुन्हा दुष्काळ पडला तर कुणाच्या दारात जायचं?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

दुसरा उपाय एकच होता, एका सुगीत पूर्ण सहा मण देऊन मोकळं होणं. दोन मण नेहमीचे. चार मण जास्तीचे कुठून आणायचे? वर्षभर घरात त्याचीच बोलणी. अब्बांनी परळीपर्यंत जाऊन कामं केली. दादीचा मातीचा गल्ला होता, कुंभाराकडून आणलेला. तो कुणाला हात लावू देत नव्हती, तिच्या कफनासाठी होता म्हणे. तो तिनं स्वतः फोडला. आणि माझे अकरा रुपये चाळीस पैसे.

ते अकरा रुपये चाळीस पैसे संचयिकेतले. संचयिका कुणाला आठवते? राष्ट्रीय बचत योजनेतली शाळेची बँक. मुलांनीच चालवायची. एक मूल कॅशियर, एक कारकून, गुरुजी देखरेखीला. पाच पैसे, दहा पैसे भरायचे, लहानशा पासबुकात नोंद व्हायची, आणि सगळी रक्कम शाळेच्या नावानं पोस्टात जायची. १५ सप्टेंबर हा संचयिका दिन. त्या दिवशी गुरुजी फळ्यावर रंगीत खडूनं मुंग्यांची रांग काढायचे आणि खाली लिहायचे, थेंबे थेंबे तळे साचे. एका वर्षी पासबुकात काही पैसे व्याजाचे जमा झाले. मी नाचत घरी आलो. दादीनं विचारलं, हे कुणाचे? म्हटलं, कुणाचे नाहीत, पैशाला पैसे आले. ती म्हणाली, ते आपले नाहीत, दारावरच्या फकिराला देऊन टाक. आमच्या घरात व्याज घेणं वर्ज्य. मी दिले. पण दिव्याच्या उजेडात पाटी मांडली त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की व्याज घेणं वर्ज्य असलेल्या घरातून पाच वर्षं व्याज जात होतं, आणि आम्ही त्याला 'फेड' म्हणत होतो.

१९७९च्या सुगीत सहा मण पोचले. अब्बा रिकामी पोती खांद्यावर टाकून परत आले. दादीनं बोटांवर मोजलं. आधीचे दहा आणि हे सहा, सोळा. चार मणांचे सोळा मण. ती म्हणाली, "चलो, रुपया पूरा हुआ." सोळा आण्यांचा रुपया तिच्या डोक्यातून कधी गेला नाही.

इतकी वर्षं झाली, पण मुलांना पैसा शिकवणारं कुठलंही पुस्तक हातात आलं की मी त्यात आधी हे पाहतो: यात कर्ज आहे का?

हैदराबादला आबिड्सच्या रस्त्यावर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. परळीहून रेल्वेनं जाणं सोपं, त्यामुळे माझी तिथं वारी असते. तिथं पदपथावर मला परदेशी मुलांची काही चित्रमय पुस्तकं मिळाली. एक ज्युडिथ व्हायोर्स्ट यांचं, १९७८चं. म्हणजे मी पाटीवर दिढी मांडत होतो त्याच वर्षीचं. त्यातल्या अलेक्झांडर नावाच्या मुलाला आजी-आजोबा एक डॉलर देतात. त्याला वॉकीटॉकीसाठी साठवायचे असतात. पण थोडे गोळीत जातात, थोडे पैजेत, थोडे वाईट बोलल्याच्या दंडात, आणि शेवटी विझलेली अर्धी मेणबत्ती नि एका डोळ्याचं अस्वल असलं काहीबाही घरात येतं. उपदेश कुठंच नाही. मूल वाचतं, हसतं, आणि पैसा कसा गळतो ते त्याला दिसतं.

दुसरं वेरा विल्यम्स यांचं, १९८२चं. घराला आग लागून सगळं सामान जळालेलं. मुलगी, आई आणि आजी एका मोठ्या काचेच्या बरणीत नाणी टाकत जातात. आई उपाहारगृहात वाढपी, तिला मिळालेली बक्षिशी बरणीत. बरणी भरते तेव्हा ती नाणी बँकेत नेऊन बदलून घेतात आणि दमून येणाऱ्या आईसाठी एक मऊ खुर्ची विकत आणतात. हे पुस्तक मी पदपथावरच उभा राहून वाचलं. काचेची बरणी काय आणि मातीचा गल्ला काय. फरक इतकाच की त्या बरणीतून खुर्ची आली. आमच्या गल्ल्यातून फक्त मोकळा श्वास आला.

आपल्याकडेही अशा गोष्टी फार जुन्या आहेत. जातकात एक गोष्ट आहे. एक गरीब तरुण रस्त्यावरचा मेलेला उंदीर उचलतो, मांजरासाठी विकतो, एक नाणं मिळवतो. त्याचा गूळ घेतो, फुलं गोळा करणाऱ्या थकल्या माणसांना गूळ-पाणी देतो, ते त्याला फुलं देतात, आणि असं करत करत तो मोठा व्यापारी होतो. हीच गोष्ट कथासरित्सागरात थोडी वेगळी येते. तिथं तो उंदीर एका व्यापाऱ्याकडून भांडवल म्हणून उसना घेतलेला असतो, आणि श्रीमंत झाल्यावर तो तरुण त्याला सोन्याचा उंदीर करून परत देतो. कथासरित्सागराचं मूळ गुणाढ्याच्या बृहत्कथेत, आणि गुणाढ्य सातवाहनांच्या दरबारी, प्रतिष्ठानला म्हणजे पैठणला होता असं परंपरा सांगते. पैठणवरून येणारी गोदावरीच पुढं आमच्या तालुक्यातून वाहते. तेव्हा भांडवल म्हणजे काय हे मुलांना सांगणारी ही गोष्ट आमच्याच नदीच्या वरच्या काठाची आहे, असं मी अभिमानानं सांगतो.

पण पाहा, या सगळ्या गोष्टींत पैसा साठतो, गळतो किंवा वाढतो. उसना उंदीरसुद्धा माणूस आनंदानं, सोन्याचा करून फेडतो. दर ठरवून घेतलेलं देणं आपल्या नकळत कसं वाढतं, हे कुठंच नाही. २००७च्या सुमारास आपल्या रिझर्व्ह बँकेनंही मुलांसाठी चित्रकथा काढल्या. राजू नावाचा मुलगा आणि पैशाचं झाड. बचत करा, बँकेत ठेवा, रक्कम झाडासारखी वाढेल. चांगली आहे, मुलांना द्यावी. पण हेच झाड दुसऱ्याच्या अंगणात असतं आणि मुळं आपल्या घराखाली पसरतात, हेही कुणीतरी चित्रात काढायला हवं.

एका शब्दाचा प्रवास सांगतो. दामदुप्पट. जुन्या हिंदू धर्मशास्त्रातला हा नियम. पैशाच्या कर्जावर एका वेळी मुद्दलाइतकंच व्याज घेता येईल, त्याहून जास्त नाही. म्हणजे हा शब्द ऋणकोच्या रक्षणाचा, सावकाराला घातलेला बांध. पुढं १९८८मध्ये किसान विकास पत्र आलं, साडेपाच वर्षांत रक्कम दुप्पट, तेव्हा लोक त्यालाच दामदुप्पट म्हणू लागले. ते सरकारचं, पैसा सुरक्षित. पण मग वर्षा-दोन वर्षांत दामदुप्पट देणारे झब्बा-कुर्त्यातले लोक गावोगाव आले आणि एके दिवशी कार्यालयाला कुलूप लावून गेले. माझ्या एका नातेवाइकानं मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे तसेच गेले. सावकाराला अडवणारा शब्द ठेवीदाराला भुलवणारा झाला. कवी म्हणून मला शब्दाचं वाईट वाटतं. माणूस म्हणून त्या मुलीचं.

म्हणून दोन साधे हिशेब, जे मी गावातल्या मुलांना नेहमी सांगतो. एक. आपल्याकडे हातउसने देणारे दर महिन्याचा दर सांगतात, शेकडा तीन, शेकडा पाच. ऐकायला किती लहान! पण शेकडा पाच म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला पाच, वर्षाला साठ. आमच्या दिढीपेक्षाही जास्त. आजकाल मोबाइलवर दोन मिनिटांत मिळणारं कर्ज तर आठवड्याच्या भाषेत बोलतं. तेव्हा दर कुणीही सांगो, आधी वर्षाचा करून पाहा. दोन. व्याजावर व्याज चढत असेल, तर बहात्तरला वर्षाच्या दरानं भागा. जे उत्तर येईल तेवढ्या वर्षांत साधारण रक्कम दुप्पट होते. दर बारा असेल तर सहा वर्षं. कुणी वर्षात दुप्पट देतो म्हणाला, तर तो आपल्याला वर्षाला शंभर टक्के देतो म्हणतोय. ते पैसे तो कुठून आणणार, एवढं विचारा. बहुतेक वेळा चहा न पिताच तो उठतो.

नातीचं सांगायचं राहिलं. अंकलिपी तिनं पूर्ण उलटली. अननस तिनं पाहिलेला होता, पै-पैसा नव्हता. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११पासून कायद्यानं चलनातून गेली. तिच्या आईच्या लग्नाच्याही आधीची गोष्ट. माझ्या पेटीत काही होती, ॲल्युमिनियमचे पाच पैसे, दहा पैसे. ती तिनं जमिनीवर रचली.

मग मी तिला म्हटलं, आता यातले चार पैसे मी तुला उसने देतो. रात्री झोपताना दर चाराला सहा द्यायचे. नसतील तर जेवढे असतील तेवढे दे, उरलेल्यांवर उद्या पुन्हा दिढी. तिच्याजवळ तिला घरात कामं करून मिळवता येतील अशी नाणी ठेवली. पाणी आणून दिलं की एक, दादीचा चष्मा शोधला की एक. दिवसाला दोन नाणी तिची व्हायची. रात्री ती दोन नाणी मला आणून द्यायची. पहिल्या रात्री दिली. दुसऱ्या रात्री दिली. तिसऱ्या रात्री दिली. चौथ्या दिवशी सकाळी उठली ती थेट माझ्या खाटेपाशी आली. बोटांवर काहीतरी मोजत होती. कपाळाला आठ्या.

"नाना, मी सहा दिले. मग अजून चारच कसे?"

मी तिला जवळ घेतलं. पेटीतून पाटी काढली. अजून फुटलेली नाही. म्हटलं, बस. मांडून बघू.